सनद मिळाली, आता कोर्टात जायचं कसं? कोट, बँड, हिरवा चुडा आणि बाबांची टोपी

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. गेल्या महिन्यात वकिलीची सनद हातात आली, बेळगावात एका सीनिअरांकडे बसायचं ठरलंय. साडी नेसायची की सलवार-कमीज? नुकतंच लग्न झालंय, तर मंगळसूत्र, टिकली, हिरवा चुडा चालतो का? कोटावर घालायचा काळा झगा, म्हणजे गाऊन, आत्ताच शिवून घ्यायचा का? आणि शेवटी, जरा चाचरतच विचारल्यासारखं: वडिलांची जमिनीच्या दाव्यात साक्ष आहे, ते जन्मभर गांधी टोपी घालतात, ती पिंजऱ्यात काढावी लागेल का?

अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. बेळगावच्या कोर्टात मी तीसहून अधिक वर्षं उभी राहते. मी आले तेव्हा बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या बसायच्या खोलीत, बायकांसाठी साधा आरसा नव्हता, बँड, म्हणजे गळ्यातली ती पांढरी दुपदरी पट्टी, सरळ बसलाय का ते खिडकीच्या काचेत बघायचे. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीच्या बहुतेकांची उत्तरं नियमांच्या पुस्तकात सापडतात, याचं सापडत नाही.

टोपी काढायची नाही.

पोशाखाचे नियम आहेत ते वकिलांना. साक्षीदारानं किंवा पक्षकारानं काय घालावं हे ठरवून दिलेलं नाही. नीटनेटकं यावं, कोर्टाचा मान राखावा, एवढीच अपेक्षा. घोटाळा होतो तो मान म्हणजे काय यावर. साहेबाच्या रीतीत टोपी काढली की मान दिला. आपल्याकडे उलटं. वडीलधाऱ्यांपुढं, देवापुढं, लग्नाच्या मांडवात पुरुषानं बोडक्या डोक्यानं जायचं नसतं आणि बाई डोक्यावर पदर घेते. जुन्या वकिलांचे फोटो कधी निरखून बघ. अंगात इंग्रजी कोट, खाली धोतर आणि डोक्यावर पगडी किंवा रुमाल. साहेबाचा कायदा त्यांनी शिकून घेतला, डोकं मात्र आपल्या रीतीनं झाकलं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आमच्या तालुक्यातले एक म्हातारे बांधाच्या दाव्यात साक्षीला उभे राहिले. शिपाई ओरडला, "टोपी तगीरी!" टोपी काढा. म्हाताऱ्यांना कन्नड चांगलं कळत होतं, पण हात वर जाईना. नुसते उभे राहिले, मान खाली. जज्जसाहेब म्हैसूरकडचे, नुकतेच बदली होऊन आलेले. त्यांनी कागदातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "इरली बिडी." असू दे. त्यानंतर पाऊण तास साक्ष चालली. सर्व्हे नंबर, बांधावरचं आंब्याचं झाड, विहिरीतला हिस्सा, सगळं म्हाताऱ्यांनी न अडखळता सांगितलं. टोपी उतरवून घेतली असती तर त्यांचं अर्धं चित्त डोक्यावरच राहिलं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १८, रूल १२ खाली साक्षीदार साक्ष देताना कसा वागतो-दिसतो याची नोंद न्यायाधीशांना करता येते. ज्याला उघडं पडल्यासारखं वाटतं तो माणूस खरं बोलत असला तरी खोटं बोलतोय असा दिसतो. म्हणून टोपीचा प्रश्न किरकोळ समजू नकोस.

आणखी एक. आपल्या भागात, विशेषतः पूर्वेकडच्या तालुक्यांतून आलेले म्हातारे, कोर्टात शिरताना खांद्यावरचा टॉवेल काढून काखेत घेतात. पुष्कळ वकिलांना ते फार आवडतं, किती विनम्र माणूस म्हणतात. ही रीत वाड्यापुढून जाताना वाकायला लावणाऱ्यांनी पाडलेली आहे, कोर्टाशी तिचा संबंध नाही. तुझ्या पक्षकारानं तसं केलं तर "मामा, राहू दे खांद्यावर" असं सांग. मी सांगते. काही जण ऐकतात, काही जणांचा हात इतक्या वर्षांनीही आपोआप वळतो.

काढायचं ते वेगळं. डोक्यावर चढवलेला गॉगल, कानाला बांधलेला मफलर, थंडीतली माकडटोपी, कानातली ती पांढरी बोंडं. आणि तोंडातला तंबाखू. निपाणी-चिकोडीकडचा पक्षकार असेल तर हे आदल्या दिवशीच बजावायचं. चंची खिशात असू दे, तोंडात नको. शपथ घेताना गालात गोळी धरून बोलणारा साक्षीदार मी पाहिलाय. प्रत्येक उत्तराआधी गिळतोय, आणि समोरचा वकील खुशीत येऊन प्रश्न लांबवतोय.

आता तुझं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ४९ नं वकिलांचा पोशाख ठरवण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेला दिला, आणि तो देताना हवामान लक्षात घ्यावं असंही म्हटलं. त्या हवामानाकडे पुढं येते. नियम आहेत कौन्सिलच्या नियमावलीत, भाग सहा, प्रकरण चारमध्ये, जेमतेम पानभर. बायकांसाठी दोन वाटा आहेत. पूर्ण बाह्यांचं काळं जाकीट किंवा ब्लाऊज, पांढरी कॉलर आणि पांढरे बँड. नाहीतर पांढरा ब्लाऊज, त्यावर पुढून उघडा काळा कोट आणि बँड. बाकी अंगावर साडी किंवा लांब स्कर्ट चालतो, रंग पांढरा, काळा किंवा कुठलाही सौम्य, पण त्यावर छाप किंवा नक्षी नको. सलवार-कुर्ता, चुडीदार-कुर्ताही चालतो. ओढणी घेतलीस तर पांढरी किंवा काळी, नाही घेतलीस तरी चालतं. पुरुषांना पांढरी, काळी, राखाडी किंवा पट्ट्यांची पँट, आणि धोतरसुद्धा. होय, धोतर आजही नियमात आहे, जीन्स स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. २०२३ च्या जानेवारीत गुवाहाटी उच्च न्यायालयात जीन्स घालून आलेल्या वकिलाला पोलिसांकरवी बाहेर काढलं होतं. तेव्हा तुझ्या बरोबरीच्या पोरांना सांग, काळी जीन्स लांबून पँटसारखी दिसते हा भ्रम आहे. जज्जांच्या खुर्चीवरून शिवण दिसते.

साडी की सलवार, हे तुझं तू ठरव. मी पहिली दहा वर्षं साडीच नेसले, कारण तेव्हा सलवार घालून आलेल्या मुलीला "कॉलेज सुटलं काय?" असं विचारणारे लोक बाररूममध्ये होते. आता नाहीत, किंवा असले तरी मनात विचारतात. साडी नेसणार असशील तर एक मोह टाळायचा. शहापूर-वडगावच्या मागावरची किंवा काळी इरकल बघितली की वाटतं, रंग तर काळाच आहे, चालेल की. पदर लाल असतो, काठ बोटभर रुंद असतो. नियम नक्षी नको म्हणतो. बारीक काठाला कोणी हटकत नाही, टोपपदराकडे मात्र सगळ्यांची नजर जाते, आणि तिथंच सगळं बिघडतं. माझे सीनिअर धोतर नेसायचे आणि बोलायचे मोजकं. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "घरी गेल्यावर जज्जांना तुझा मुद्दा आठवला पाहिजे, साडी नव्हे." बाकी सगळं मला या एका वाक्यातून उलगडत गेलं. काळा-पांढरा पोशाख आपल्याला रुबाब देण्यासाठी आहे असं नवीन पोरांना वाटतं. उलट आहे. कोण बोलतंय ते मागं पडावं आणि काय बोललं जातंय ते पुढं यावं, यासाठी तो आहे.

काळाच का, तर इंग्लंडच्या दरबारी सुतकाची गोष्ट सांगतात. कोणी १६८५ साली वारलेल्या दुसऱ्या चार्ल्सचं नाव घेतं, कोणी १६९४ साली वारलेल्या मेरी राणीचं. सुतक संपायचंच राहिलं म्हणायचं आणि पुढं जायचं.

मंगळसूत्र, टिकली, चुडा यांच्याबद्दल नियम अवाक्षर काढत नाही. म्हणजे चालतं. मंगळसूत्र कॉलरच्या आत टाक, बँडवर आडवं आलं की काळे मणी आणि पांढरं कापड यांत नजर अडकते. टिकली हवी तेवढी. हिरवा चुडा उतरव म्हणणारा जज्ज मी आजवर पाहिलेला नाही, आणि कोणी म्हणालाच तर तुझ्या सीनिअरांना उत्तर देऊ दे. अडचण आवाजाची आहे. साक्ष टाईप होत असते, साक्षीदार मराठीत बोलतो, त्याचं कन्नडात किंवा इंग्रजीत होऊन कागदावर उतरतं, आणि त्या गोंधळात तुझ्या काचेच्या बांगड्या टेबलावर किणकिणल्या की लेखनिकाचा शब्द सुटतो. बांगड्या बाहीत वर सरकवून ठेव. मी लग्नानंतर चार महिने तेच केलं. गजरा मात्र घरी. अबोलीचा असला तरी.

केसांवरून आठवलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे जिल्हा न्यायालयात एक नोटीस लागली होती: महिला वकिलांनी भर कोर्टात केस सारखे करू नयेत, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येतो. देशभर ओरड झाली आणि नोटीस मागं घेतली गेली. घ्यायलाच हवी होती. पुरुष वकील भर कोर्टात खिशातून कंगवा काढून भांग पाडतात, मिशीला पीळ देतात, त्याची नोटीस मी तरी कुठं वाचली नाही. तरीही तुला सांगते, केस घट्ट बांधून ये. त्या नोटिशीसाठी नव्हे. उलटतपासणीच्या मध्यात कागद चाळताना बट डोळ्यावर आली तर ती सारायला तिसरा हात नसतो.

पुरुषांच्या दाढीबद्दल कुठं काही लिहिलेलं नाही. ठेवा, पण राखा. श्रावणात दाढी न करणारे, वडील गेल्यावर मुंडण केलेले, नवस बोललेले, सगळे आमच्याकडे येतात आणि कोणी विचारत नाही. जानेवारीपर्यंत शबरीमलेची माळ घातलेले दोन-चार जण दिसतात, त्यांना तर काळे कपडे घालायचेच असतात. प्रश्न त्यांच्या अनवाणी पायांचा. नियमात पादत्राणांचा उल्लेखच नाही, त्यामुळे कोणी अडवत नाही, पण वर जिल्हा कोर्टात जायचं असेल तर ते स्वतःच जाऊन आधी सांगून येतात. ही पद्धत मला आवडते. आधी सांगितलं की खुलासा होतो, नंतर सांगितलं की सबब वाटते.

चप्पल म्हणशील तर, कोल्हापुरीला नाव कोल्हापूरचं मिळालं, पण २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि त्यात आपलं बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या ती शिवतात. तिचा मला अभिमान आहे, आणि कोर्टात मी ती घालत नाही. फरशीवर करकर वाजते. बंद काळे बूट किंवा साधी काळी सपाट सँडल, बस्स.

आता कपाळावरच्या आणि कोटावरच्या खुणा. इथं सीमाभागाचं म्हणून वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे माणूस दिसला की लोक त्याला वाचतात: विभूती म्हणजे हा, गोपीचंदन-बुक्का म्हणजे तो, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर कुठल्या रंगाची शाल, टोपी कशी. आडनाव विचारायच्या आधी अर्धा हिशेब झालेला असतो. कपाळावरची श्रद्धेची खूण कोर्टात चालते, आणि चाललीच पाहिजे. सौंदत्तीहून यल्लम्माचं दर्शन घेऊन थेट कामाला आलीस तर भंडारा पुसू नकोस, फक्त बँड घालण्याआधी हात धू. पांढऱ्या बँडवर हळदीचा डाग पडला की साबणानं तो लाल होतो आणि दिवसभर तोच बोलतो.

कोटावर मात्र काही टाचायचं नाही. कसलीही फीत नको, बिल्ला नको, शाल नको. भगवी नको, लाल-पिवळीही नको. १ नोव्हेंबरला इथं एकाच रस्त्यावरून एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी असते, १९५६ पासूनचं ते दुखणं आहे. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते हे एक बरं. नाहीतर आमच्या रोजच्या काळ्या कोटाचा कोणी काय अर्थ लावला असता, देव जाणे. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, तिथं दोन्ही राज्यांचे वकील तोच कोट आणि तेच बँड घालून उभे राहतात. माझे कन्नड पक्षकार मराठी पक्षकारांइतकेच आहेत. ते मला "मेडमरी" म्हणतात, हे "वकील अक्का" म्हणतात. माझ्या मताबद्दल दोघांनाही शंका असेल, पण कोटाबद्दल ती कधी आली नाही.

हवामान. ज्यांनी नियमात हवामानाचा उल्लेख केला त्यांनी आपला जिल्हा पाहिला होता की नाही कोण जाणे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, त्याच जिल्ह्यात अथणीला लोक पाण्याची वाट बघत बसतात. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते खरं, पण एप्रिलमध्ये बारा वाजता पंख्याखाली कोट घालून उभं राहून बघ. नियमानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं खालच्या कोर्टांतल्या वकिलांना ३१ मेपर्यंत कोटातून सूट दिली होती. सूट कोटाची असते, बँडची नव्हे, हे दर वर्षी कोणीतरी विसरतं आणि उघड्या गळ्यानं आत शिरतं.

पावसाळ्यासाठी माझं ऐक. दोन कोट शिव, दोन्ही टेरीकॉटचे. लोकरीचा कोट दिसतो छान, पण जूनमध्ये कपाटात टांगलास की गणपतीपर्यंत त्याच्यावर पांढरी बुरशी येते, आणि डांबराच्या गोळ्या घातल्यास तर कोर्टभर तुझ्याआधी तुझा वास पोचतो. पांढरी पँट किंवा सलवार नियमात बसते, खानापूरच्या तांबड्या मातीत बसत नाही, काळी घे. ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून वाळवत बसू नकोस, त्याचा खांदा उतरतो. बँड चार ठेव. त्याला खळ हवी. माझी आई भाताच्या पेजेतून काढून द्यायची, आता तयार पूड मिळते, पण पेजेची इस्त्री अजून जास्त कडक बसते. नायलॉनचा तयार बँड घेऊ नकोस, घामानं पिवळा पडतो आणि कितीही धुतला तरी पिवळाच राहतो.

बँडला पर्याय आहे, तो नियम पुष्कळांना माहीत नसतो. सर्वोच्च, उच्च, जिल्हा, सत्र आणि शहर दिवाणी न्यायालय सोडून इतर कोर्टांत बँडऐवजी काळा टाय चालतो. म्हणजे तुझ्या खानापूरच्या दिवाणी न्यायाधीशांपुढं टाय बसतो, बेळगावच्या जिल्हा न्यायाधीशांपुढं नाही. एकाच दिवशी दोन्हीकडे तारीख असेल तर बँडच घाल, दोन्हीकडे निभतं.

आणि बँड घालून रस्त्यावर फिरायचं नाही. वर्तणुकीच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय: कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड आणि गाऊन नको, समारंभ असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे दुपारी दोनला चन्नम्मा सर्कलपासून खडेबाजारापर्यंत बँड घातलेले वकील वडापाव खाताना दिसतात. स्कूटरवर बँड वाऱ्यानं खांद्यावर उडतोय आणि हा सिग्नल तोडतोय, असं चित्र बघितलं की मला माझ्या सीनिअरांचा चेहरा आठवतो. ते गेटच्या आत आल्यावर बँड बांधायचे, गेटबाहेर पाऊल टाकायच्या आधी सोडून खिशात ठेवायचे. ती सवय मला लागली, ज्युनिअरांना लावायला बघते, निम्म्यांना लागते.

गाऊन आत्ता शिवू नकोस. खालच्या कोर्टात तो ऐच्छिक आहे, फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात सक्तीचा. २००८ साली धारवाडला उच्च न्यायालयाचं फिरतं पीठ आलं, २०१३ साली ते कायम झालं, आणि आमचे गाऊन पेटीतून बाहेर निघाले. त्याआधी अपिलासाठी रात्रभर प्रवास करून बेंगळूर गाठायचं, आता पाऊणशे किलोमीटर. निपाणीकडचे काही वकील महाराष्ट्रातल्या कामांसाठी कोल्हापुरातही दिसतील, कारण ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ तिथं बसतं आणि सनद कर्नाटकाची असली तरी कलम ३० नं देशभर वकिली करता येते. त्या कामाला नवा पोशाख लागत नाही, नियम सगळीकडे एकच. सीनिअरांबरोबर धारवाडला पहिल्यांदा जाशील तेव्हा गाऊन शीव; तोपर्यंत मागून घे. बाररूममध्ये मागितल्यावर गाऊन नाकारणारा वकील अजून जन्मायचा आहे, परत मिळतो का हा प्रश्न वेगळा. शिवताना बाही हातभर लांब ठेवू नकोस, पाणी पिताना पेल्यात बुडते.

२०२० साली दूरदृश्य सुनावण्या सुरू झाल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं कोट-गाऊन बाजूला ठेवून पांढरा शर्ट किंवा पांढरी साडी-सलवार आणि बँड पुरे म्हटलं. पडद्यावर वर बँड आणि खाली लुंगी अशी मंडळी मी पाहिली, त्यातले एक मध्येच कागद आणायला उठले. पुढचं सांगत नाही.

पक्षकारांच्या कपड्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण पहिल्या आठवड्यातच गरज पडेल. पोटगीच्या कामात नवरा म्हणतो उत्पन्न नाही, आणि येतो गळ्यात सोन्याची साखळी, बोटात दोन अंगठ्या घालून. त्याला वकील काढून ठेव म्हणतात आणि पुढच्या तारखेला तो फाटका शर्ट घालून येतो. दोन्ही चूक. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचंच असं ठरवलंय, त्यामुळे आकडे कागदावर येतात; शर्ट बघून पोटगी ठरत नाही. सोंगामुळे फक्त एवढंच होतं की जज्जांचा त्या माणसाच्या शपथपत्रावरचा विश्वास उडतो. पक्षकाराला रोजच्या स्वच्छ कपड्यांत आण. शेतकऱ्याला शेतकऱ्यासारखं, मास्तराला मास्तरासारखं.

साक्षीला तलाठी किंवा सर्व्हेअर बोलावलास आणि तो चुरगळलेल्या शर्टात आला, तर त्याच्या कपड्यांवरून त्याला टोचू नकोस. २०२४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांनाच सांगितलंय की सरकारी अधिकाऱ्याच्या दिसण्या-कपड्यांवर शेरे मारू नका, त्याच्या पदाचा ठरलेला गणवेश मोडला असेल तर गोष्ट वेगळी. जे जज्जांनी करायचं नाही ते आपण तर नाहीच.

एके ठिकाणी पोशाख काढायला सांगितलेला आहे, आणि मला तो नियम सगळ्यांत शहाणा वाटतो. पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात, मुलाचा जबाब घेताना पोलिसानं गणवेशात असायचं नाही. खाकी बघून पोर गप्प होतं, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं. माझ्या पहिल्या अशा खटल्यात एक मुलगी माझ्या काळ्या कोटाकडे बघून आईच्या मागं लपली. बाहेरच्या बाकावर तिच्याशी बोलताना मी कोट काढून मांडीवर ठेवला. तिनं आधी बँड हातात घेऊन बघितला, मग बोलली.

वडिलांच्या साक्षीच्या दिवशी काय करायचं, तेही सांगते. त्या दाव्यात तू त्यांची वकील म्हणून उभी राहणार नसशील तर बँड पिशवीत ठेव आणि मागच्या बाकावर बस, त्या दिवशी तू मुलगी म्हणून आली आहेस. पांढरा सदरा, धोतर किंवा पायजमा, जे ते बाजाराला घालतात तेच. शपथ टोपीसकट घेता येते. आणि टोपी नवी आणू नका. नवी टोपी कपाळावर काचते, उलटतपासणी लांबली की हात सारखा तिकडे जातो. जुनीच, धुऊन, इस्त्री करून.